रोह्याची खोली

नवरा कंपनीतून निवृत्त झाला तेव्हा फंडाच्या पैशांचं काय करायचं यावर आमच्याकडे रोज संध्याकाळी चर्चा व्हायची. मुलाला गाडी हवी होती, नवऱ्याला गडबच्या शेतात बोअर मारायची होती. मी म्हटलं, रोह्याला एक खोली घ्या. इतकी वर्षं तुम्ही पेणहून तिथे शिफ्टला गेलात, बाहेरगावची माणसं जागेसाठी कशी वणवण फिरतात हे तुम्हीच सांगायचात. भाडं आलं की म्हातारपणी मुलापुढे हात पसरायला नको. माझं ऐकलं गेलं, आणि असं आमच्या घरात क्वचितच घडतं.

घरमालकीण म्हणजे मान, असा माझा समज होता. पहिल्याच महिन्यात नळ गळायला लागला, मग सोसायटीने रंगाची वर्गणी काढली. भाडेकरूने भिंतीला खिळा मारला तरी माझ्या काळजात कळ यायची. एजंटने सुरुवातीलाच सांगितलं होतं की फॅमिलीच बघू, एकटा पुरुष नको आणि एकटी बाई तर नकोच, नसती कटकट. मी मान डोलावली होती. त्याने बीडकडचं एक तरुण जोडपं आणलं. तो कंपनीत कंत्राटावर, ती घरी. अकरा महिन्यांचा करार, पोलीस ठाण्यात नोंद, सगळं रीतसर झालं.

तो करार संपत आला होता तेव्हा माझी लेक पनवेलहून एक बॅग घेऊन आली. जावई मारतो हे आम्हाला ठाऊक होतं, फक्त त्याबद्दल आम्ही आपसात बोलत नव्हतो. या खेपेला तिने दंडावरचे वळ झाकले नाहीत. पेणचं आमचं घर लहान. सून वाईट नाही, पण थोड्याच दिवसांत स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजू लागली. शेजारणी विचारायच्या, "लेक अजून हाय का गो?" लेक बाहेरच्या खोलीत झोपायची. सगळे आडवे झाल्यावर अंथरूण घालायची आणि कुणी उठायच्या आत गुंडाळून ठेवायची. ते गुंडाळलेलं अंथरूण बघून मला भडभडून यायचं.

शेवटी तिनेच विषय काढला. "आई, रोह्याची खोली मला दे. भाडं देईन मी. मला पाव्हणी म्हणून नाय ऱ्हायचं." रोह्याला पॅकिंगचं काम मिळेल असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. लोक काय म्हणतील, असं नवरा पुटपुटला. लोक आपला मेंटेनन्स भरतात का, असं मी त्याला विचारलं आणि तो विषय मिटवला.

जागा सोडा हे फोनवर सांगणं बरं दिसत नाही, म्हणून मी एसटीने रोह्याला गेले. भाडेकरणीचे दिवस भरत आले होते, पण पहिलटकरीण, ती माहेरी गेली असणार असं मी धरून चालले होते. त्याला एकट्याला सांगणं सोपं होतं.

दार तिनेच उघडलं. कानाला रुमाल बांधलेला, आत ओव्याच्या धुरीचा वास आणि चटईवर बाळ. मला बघून ती रडायलाच लागली. आई अंथरुणाला खिळलेली, सासू नाही, नवऱ्याला सुट्टी मिळेना म्हणून तो दुपारच्या पाळीला गेलेला. आणि त्या दिवशी नेमकी बाळाची पाचवी होती. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते ती हीच रात्र, आणि तिची पूजा मांडायला मोठं बाईमाणूस लागतं.

"काकू, देवानंच धाडलं तुम्हाला," ती म्हणाली.

मला कुणी धाडलं होतं ते माझं मला माहीत. पण पिशवी खाली ठेवली आणि कामाला लागले. पूजेला पाटा-वरवंटा हवा, तिच्याकडे मिक्सर. तळमजल्यावरच्या एका आजीकडे जाऊन पाटा मागितला. तो जिन्यावरून वर आणताना माझी कंबर धरली, आणि मी मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. मग हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद आणि पेन ठेवलं, दिवा लावला, बाळाला मांडीवर घेतलं. मला राग येत होता आणि बाळ तर माझं बोट धरून झोपलं होतं. मी सटवाईला मनात म्हटलं, याचं लिहून झालं की जरा पेणला जा. तिथे काय लिहून ठेवलंयस ते एकदा वाच.

निघताना तिनेच घाबरत कराराचं विचारलं. मी म्हटलं, "सव्वा महिना होऊ दे. मग जागा लागेल मला." सव्वा महिना बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत नाहीत. जिची पाचवी मीच पुजली तिला मी कोणत्या तोंडाने बाहेर काढणार होते?

घरी आले तर लेक पडद्याला दुमड घालत बसली होती. रोह्याच्या खिडकीसाठी तिने बाजारातून कापड आणलं होतं. मी सगळं सांगितलं. बरं केलंस म्हणाली, सुई कापडात टोचून ठेवली आणि उठून गेली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यापुरती दुसरी खोली मिळेल का म्हणून मी एजंटला फोन केला. एकट्या बाईला कुणी देत नाही, म्हणाला. "काकी, तुमी तरी दिली असती का?" मी फोन ठेवला.

सव्वा महिना सरायच्या आत जावई आपल्या काकाला घेऊन आला. पाया पडला, चहा प्यायला. माणूस चुकतो, असं माझा नवरा म्हणाला. मी पोरीला पाठवणार नाही म्हणून उभी राहिले, पण ती आत बॅग भरत होती. मी तिचा हात धरला. नको जाऊ गो, म्हटलं.

"इथं मी सगळ्यांच्या पायात येते, आई. तिथं माझं अंथरूण तरी घातलेलं असतं."

भाडेकरूंनी बोलल्याप्रमाणे खोली सोडली. जाताना लादी धुतली, बाळाला माझ्या पायावर घातलं. त्या पोराचा राग करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमला नाही.

लेक फोनवर बरं हाय म्हणते. ज्या घाईने म्हणते त्यावरून तो जवळच आहे हे मला कळतं.

पडदा मीच पुरा शिवला आणि रोह्याला जाऊन लावला. खोली तेव्हापासून बंद आहे. मेंटेनन्स खिशातून जातो म्हणून नवरा कुरकुरतो. एजंट अधूनमधून फोन करतो, चांगली पार्टी आहे, देऊ का विचारतो. मी सांगते, माझा भाडेकरू ठरलाय.

"फॅमिली हाय ना, काकी?"

"नाय," मी म्हणते. "एकटी बाई हाय."