भरलेलं वजन विचारणारे काटेकाका

मी लिहिणाऱ्यांपैकी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर लिहिलं ते फक्त प्रयोगवहीत. ज्यांनी काकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं त्यांनी हे लिहायला हवं होतं. पण ते लिहिणार नाहीत आणि मला गप्प बसवत नाही, म्हणून ही आगाऊ धिटाई. चुकलं तर माफ करा.

काटेकाका नमस्काराला उत्तर देत नसत. शारजाच्या इंडस्ट्रियल भागात कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, बनवणारं आणि विकणारं एक यार्ड आहे, तिथे ते गाडीला हूक बसवायचं काम करत. गाडीने कॅरॅव्हॅन ओढायची ती या हुकाला जोडून. गिऱ्हाईक हसतमुखाने "गुड मॉर्निंग" म्हणालं की काका त्याच्याकडे न बघता विचारत, "भरलेलं वजन किती?" गिऱ्हाईक कंपनीच्या कागदावरचा आकडा सांगे. "ते रिकाम्याचं. भरून काट्यावर घाला, मग या." ज्याला त्याला वजनकाट्यावर पिटाळत म्हणून ते काटेकाका. खरं आडनाव वेगळं होतं, गाव इचलकरंजी. इथे आल्यावर पंधरा वर्षं जबल अली बंदरात कंटेनरची वजनं पाहिली, मग या यार्डात आले. राहायला दुबईत, करामा भागात, एका खोलीत पाच जण.

त्यांचा सगळा राग एका समजुतीवर होता. मोठं इंजिन म्हणजे काहीही ओढता येतं, ही ती समजूत. "ओढायला काय, गाढवही ओढतंय," ते म्हणत. "उतारावर मागचं घर ढकलायला लागलं की थांबवणार कोण, ते सांगा." कॅरॅव्हॅन भरून जेवढी होते त्यापेक्षा पुढची गाडी जड हवी, आणि नुसती जड नाही, चांगली जड. गाडीचं वजन शंभर धरलं तर मागे पंच्याऐंशीच्या वर त्यांनी कोणाला जाऊ दिलं नाही. गाडीचं वजन ते मुलकियावर, म्हणजे नोंदणीच्या कार्डावर, बोट ठेवून वाचत. मालकाच्या तोंडावर त्यांचा विश्वास नसे.

एकदा पुण्याचे एक साहेब आले होते. कुठल्याशा कंपनीत मोठे मॅनेजर. गाडी नवी, चकचकीत, आतून हलकी. साहेबांनी तिची किंमत आधी दिरहॅममध्ये सांगितली, मग मोठ्याने रुपयांत करून सांगितली.

"रुपयांत सांगितल्यानं गाडी जड होत नाही, साहेब," काका म्हणाले.

साहेबांची मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "डॅड, इज ही सेइंग नो?"

"बघा," काका म्हणाले, "पोरीला मराठी येत नाही, तरी तिला समजलं."

साहेब तावातावाने निघून गेले. मी तिथेच उभा होतो आणि मला खूप हसू आलं. आपण त्या साहेबांसारखे नाही, असं मला वाटलं होतं. आता ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

मी तिथे उभा होतो कारण आमचंही काम होतं. माझे बाबा आचारी. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हॉटेलांत मिसळ आणि वडे केले. गेल्या वर्षी त्यांनी त्या यार्डातून जुनी, स्वयंपाकघर केलेली कॅरॅव्हॅन घेतली. खोर फक्कानला समुद्रकाठी हिवाळ्यात खाण्याच्या गाड्यांचा बाजार भरणार होता. त्यात बाबांना जागा मिळाली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत कॅरॅव्हॅन जागेवर उभी नसली तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. बाबांनी दारावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं. आपलं नाव असं मोठ्या अक्षरांत त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

काकांनी आमची गाडी पाहिली, कॅरॅव्हॅन पाहिली आणि म्हणाले, "जमायचं नाही."

मी तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी रात्रीतून एक कागद तयार केला. गाडीचं वजन सोळाशे किलो, कॅरॅव्हॅनचं बाराशे. म्हणजे शंभराला पंच्याहत्तर. खाली सूत्रं, बाणांच्या आकृत्या, सगळं टाइप करून. काकांनी तो कागद हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"यात पाणी कुठंय?"

"कसलं पाणी?"

"टाकीतलं. दोनशे लिटर. सिलिंडर कुठंयत? तो दगडी ग्राइंडर? डीप फ्रीज? रिकामं घर घेऊन जाणार काय? तुझा बाप तिथं जाऊन उपास करणार?"

मग त्यांनी हुकाकडचा दांडा एका लाकडी ठोकळ्यावर टेकवला आणि खाली माणसाचं वजन करायचा, काच तडकलेला काटा सरकवला. दांड्याचं वजन काट्यावर जवळजवळ पडतच नव्हतं. आईने फ्रीज, ग्राइंडर आणि तांदळाची पोती सगळी मागच्या बाजूला लावली होती, कारण घरी स्वयंपाकघर मागे असतं. "मागं जड, पुढं हलकं," काका म्हणाले. "ही शेपूट हलवत जाणार. वहिनी, तुमचं चुकलं नाही. तुम्ही इंजिनियर नाही."

तो टोला मला होता आणि मला तो लागला. बाबांचा चेहरा उतरला होता. "तुम्हाला आमचं चांगलं बघवत नाही," बाबा म्हणाले.

मी जे केलं ते आता लिहितो. मी तो कागद घेऊन यार्डाच्या मालकाकडे गेलो. मालक काकांवर आधीच वैतागला होता, कारण काका गिऱ्हाइकं परत पाठवत. कागद त्याला नीट वाचता आला नसावा, पण टाइप केलेला होता एवढं त्याला पुरलं. त्याने काकांना ऑफिसात बोलावलं आणि माझ्यासमोर तो कागद त्यांच्या पुढ्यात टाकला. "देखो. कॉलेज का बच्चा भी बोलता है चलेगा. तुम किधर का साइंटिस्ट है? खलास. कल से मत आना."

काकांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मला तोंड उघडता आलं असतं. पाणी धरलं नव्हतं हे मला तेव्हा कळलेलं होतं, तेवढी अक्कल मला होती. मी गप्प राहिलो.

दुसऱ्या फिटरने अर्ध्या तासात हूक बसवला. "यल्ला, हबीबी, जाओ," म्हणून त्याने बॉनेटवर थाप मारली. आम्ही फाटकातून निघालो तेव्हा काका आपली हत्यारं पिशवीत भरत होते. ते उठून बाबांच्या खिडकीशी आले. "डोलायला लागली तर ब्रेक दाबायचा नाही. पाय काढून घ्यायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. ऐकू आलं?" बाबांनी मान हलवली नाही.

डोंगर लागायच्या आतच, ऐंशीच्या वेगात, एक ट्रक शेजारून गेला आणि कॅरॅव्हॅन डोलायला लागली. आधी थोडी, मग आमची गाडीच तिच्यामागून फरपटतेय असं वाटू लागलं. मागच्या सीटवर आई देवाचं नाव घेत होती. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता, जणू ब्रेक माझ्याकडे होता. मी "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडलो. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी पाय काढून घेतला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि रस्ता संपेपर्यंत असंच बसायचं ठरवल्यासारखे समोर बघत राहिले. गाडी हळूहळू शांत झाली. कडेला थांबल्यावर बाबांनी मला एकच वाक्य सांगितलं, "काकांना फोन लाव."

काका एका ओळखीच्या पाणीवाल्याचा जड पिकअप घेऊन आले. त्याला हूक होता. उतरल्याउतरल्या त्यांनी पाण्याची टाकी वाळूत रिकामी करायला लावली. मग फ्रीज आणि ग्राइंडर चाकांच्या वर, मधोमध आणले. वाटेत त्यांनी आम्हाला एका वजनकाट्यावरही थांबवलं. पाणी सोडूनही कॅरॅव्हॅन सोळाशे दहा किलो भरली. आमच्या गाडीपेक्षा जास्त. काट्यावाल्याने दिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. "हे टाइप कर," म्हणाले.

शुक्रवारी साडेअकराला कॅरॅव्हॅन जागेवर उभी होती. बाबांनी पहिला वडा काकांसाठी काढला. काकांनी तो उभ्यानेच खाल्ला, "मीठ कमी," म्हणाले आणि पिकअप परत द्यायचाय म्हणून निघाले. बाबा त्यांच्यामागे पार्किंगपर्यंत गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. मी तेल बघत बसलो, जसं काही तेल माझ्यावाचून जळणार होतं.

काकांना दुसरं काम मिळालं नाही. त्या वयात कोण व्हिसा काढून देतो? महिनाभराने ते कायमचे गावी गेले. ज्या दिवशी त्यांचं विमान होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझा पेपर होता. तेवढं कारण मी स्वतःला दिलं. विमानतळावर बाबा आणि आई गेले. मी गेलो नाही. पेपरात मला चांगले मार्क पडले, हेही सांगायला हवं.

त्यानंतर मी त्यांना लिहायचं ठरवलं. मराठीत सुरू केलं, खोडलं, पुन्हा सुरू केलं. त्यांना नक्की काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. माफी मागायची तर आधी मी काय केलं ते त्यांना सांगावं लागणार, आणि ते तर त्यांच्यासमोरच झालं होतं. असे आठ महिने गेले.

मागच्या आठवड्यात काकांच्या खोलीत राहणारे एक सोलापूरकर गावाहून परत आले. करामात त्यांनी मला रस्त्यात थांबवलं.

"काटेकाका गेले रे. गणपतीच्या आधी. झोपेतच. मलाही तिकडे गेल्यावर कळलं, भेटून आलो घरच्यांना."

मी विचारलं, "घरी काही बोलले होते का? इथल्या कामाबद्दल?"

"गुडघे गेले म्हणून मीच काम सोडलं, असं सांगितलं होतं त्यांनी. काकू मला विचारत होत्या, मालकांनी निरोप तरी नीट दिला का त्यांना. मी हो म्हणालो."