गार्डखालचे कुंकू

पत्रा कापणाऱ्या आठ पॉवर प्रेस आणि त्यांच्यावरचे पिवळे गार्ड मी अजून विसरलेलो नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नेरूळला सकाळच्या फेरीत बरोबरची निवृत्त मंडळी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणतात तेव्हा मी हीच सांगतो. त्यांना खुनाची हवी असते, त्याला माझा नाइलाज आहे.

तेव्हा मी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखानदारी पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दसरा होऊन आठ-नऊ दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमारास रुग्णालयातून ठाणे अंमलदाराला फोन आला की, एका कामगार बाईची उजव्या हाताची दोन बोटे प्रेसमध्ये तुटली आहेत. स्टेशन डायरीला नोंद झाली, उपनिरीक्षक पंचनामा करून आले आणि दुपारी तीनपर्यंत गुन्हा दाखल, आरोपी हजर, वर कबुलीही तयार! एवढ्या वेगाने तर आमच्या ठाण्यात चहासुद्धा येत नसे.

कारखाना कपाटांच्या बिजागऱ्या बनवायचा. माल एका मोठ्या परदेशी फर्निचर कंपनीला जायचा. ती कंपनी वर्षातून दोनदा ऑडिटसाठी माणसे पाठवायची. कामगारांना सुट्ट्या मिळतात का, बाहेर पडायचे दरवाजे मोकळे आहेत का, मशीनना गार्ड आहेत का, हे ती पाहून जायची. नापास झाले तर ऑर्डर बंद. पण इथले सगळे अहवाल उत्तम होते. मॅनेजरने ते प्लास्टिकच्या कव्हरात घालून स्वतः ठाण्यात आणून दिले. न मागता कागद आणून देणाऱ्या माणसाला मी नेहमी थोडा जास्त वेळ बसवून ठेवत असे.

त्याची फिर्याद सरळ होती. आठही प्रेसना पत्र्याचे गार्ड कायम बसवलेले असतात, म्हणजे आत पत्रा जातो, हात जात नाही. त्या सकाळी साचा बदलताना सेटरने, म्हणजे साचे बसवणाऱ्या कामगाराने, एका प्रेसचा गार्ड काढला आणि परत लावलाच नाही. अपघातानंतर आणखी कोणाला इजा होऊ नये म्हणून मॅनेजरने तो लगेच बसवून घेतला. थोडक्यात, हयगय सेटरची आणि कंपनी स्वच्छ.

सेटर तळवलीचा, चाळिशीतला, हाताला कायमचे ग्रीस लागलेला गडी. समोर बसला तो मान खाली घालूनच.

‘गार्ड कोणी काढला?’

‘मीच काढला साहेब. पाना माझा, हात माझा. खोटं कशाला बोलू?’

‘काढायला कोणी सांगितलं होतं?’

त्याने नखातले ग्रीस उकरले. मग म्हणाला, ‘कोनी नाय. ताईचा हात मना बगवत नाय, साहेब. काय लिवायचं ते लिवा.’

आयती कबुली मिळाली की पोलिसाचे पोट भरल्यासारखे होते. माझेही भरले, हे मी लपवत नाही. पण या माणसाला शाळेत जाणाऱ्या दोन मुली होत्या. हयगयीचा शिक्का बसलेल्या सेटरला त्या पट्ट्यात कोणी दारात उभे केले नसते. म्हणून त्याला नोटीस देऊन घरी पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईचा जबाब घ्यायला मी स्वतः रुग्णालयात गेलो.

ती सोलापूरकडची, तिशीची. हाताला बोचक्याएवढे बँडेज. मला पाहताच तिने स्वतःचे काही न सांगता विचारले, ‘साहेब, सेटरदादाला धरलंय म्हनं?’

‘त्यानं कबूल केलंय.’

‘त्यो करनारच. त्याला वाटतंय त्याच्यामुळंच झालं. पर गार्ड काय त्या दिवशी काढल्याला न्हाई. गार्ड पाव्हणं येनार असलं तरच बसतो.’

‘पाहुणे कोण?’

‘तेच की, फायली घेऊन येत्यात, फोटू काढत्यात. आदल्या दिवशी सांगावा येतो. दादा स्टोरमधनं गार्ड आनतो, बसवतो. पाव्हणं गेलं की परत स्टोरात. गार्ड असला की माल कमी निघतो म्हनत्यात.’

‘हे लिहून द्याल?’

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मला माझाच प्रश्न बावळट वाटला. ‘बोटं गेली, आता नोकरीबी घालवू व्हय? आनि ऑर्डर गेली तर साठ घरांच्या चुली इझतील, साहेब. त्ये पाप मला नको.’

खबर पक्की होती, पण कागदावर तिची किंमत शून्य. कारखान्यातल्या सहा जणांचे जबाब घेतले. सहाही जणांनी मला उत्तर देताना छताचे पंखे मोजले. मला त्यांचा राग आला आणि लगेच ओसरलाही. चूल कोणाला नको असते?

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात आमचे चालक हवालदार जीप धूत होते आणि तोंडाने पुटपुटत होते. दसऱ्याला आम्ही पोलीस हत्यारांची पूजा करतो तशी गाड्यांचीही करतो. बॉनेटवरचे स्वस्तिक काही केल्या निघत नव्हते.

‘साहेब, यंदा कुंकू तेलात कालवलं कोणी? डिझेलनं घासलं तरी हटत नाय. दिवाळीपर्यंतचं टेन्शन झालं.’

कालवणारा मीच होतो. पण त्या लाल रेघांकडे बघता बघता डोक्यात प्रकाश पडला. ‘ते राहू द्या,’ म्हटले, ‘गाडी काढा.’

दोन पंच घेतले आणि वाटेत तळवलीहून सेटरला त्याच्या पान्यासकट उचलले. कारखान्यात पोचताच मॅनेजरने लगबगीने चहा मागवला. मी चहा घेता घेता विचारले, ‘दसऱ्याला मशीनची पूजा केलीत की नाही?’

मॅनेजर खुलला. ‘म्हणजे काय साहेब! दहा वर्षं मान माझाच. आठही प्रेसवर स्वस्तिक मी माझ्या हातानं काढतो. तेलात कुंकू कालवून. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.’

‘मग आत येताना मला एकाही प्रेसवर का दिसलं नाही?’

त्याचा कप ओठापाशीच थांबला. ‘पुसलं गेलं असेल. तेलकट काम आहे ना.’

मी अपघाताची प्रेस सोडली आणि पार टोकाच्या प्रेसपाशी गेलो. तिचा गार्ड सेटरने काढला, असे कोणाचेच म्हणणे नव्हते. सेटरला म्हटले, ‘उघड.’ चार बोल्ट निघाले, पिवळा पत्रा बाजूला झाला. मशीनच्या छातीवर ठसठशीत लाल स्वस्तिक! पत्र्याखाली चेपलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्याही चिकटलेल्या. मग दुसरी प्रेस, तिसरी. आठच्या आठ गार्डखाली तेच.

आता हिशेब शाळकरी पोरालाही सुटेल असा होता. गार्ड कायम बसवलेले असते तर कुंकू गार्डवर लागले असते. म्हणजे दसऱ्याला एकाही प्रेसला गार्ड नव्हता. पोलीस येणार म्हणून घाईने बसवले, पण खालचे कुंकू पुसायला कोणाचा हात धजला नाही. देवाचे ते, पुसणार कोण?

मॅनेजर म्हणाला, ‘साहेब, मालकांना एक फोन करतो.’

‘जरूर करा. पण आधी ही स्वस्तिकं कोणाच्या हातची आहेत, ते पंचांना सांगा.’

सेटर पाना हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसला आणि रडू लागला. ‘मंग मी एकलाच नाय ना, साहेब?’ तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी त्याला हाताला धरून उठवले. मग पुरवणी पंचनामा मी स्वच्छ अक्षरात लिहिला.

पंखे मोजणाऱ्यांपैकी चौघे दुसऱ्या दिवशी आपणहून ठाण्यात आले. ‘साहेब, आता मशीननंच सांगितलं, मग आमी काय लपवायचं?’ त्यांतला एक म्हणाला. मग ती बाईही सही करायला तयार झाली. सेटरचे नाव आरोपीतून निघून साक्षीदारांत गेले, त्याच्या जागी मालक आणि मॅनेजर आले. कारखाने निरीक्षकांना रीतसर पत्र गेले. साठ चुलींची सगळ्यांना धास्ती होती, मलाही होती. पण परदेशी कंपनीने ऑर्डर बंद केली नाही. गार्ड उघडा असेल तर मशीन चालूच होणार नाही, अशी जोडणी तिने करून घेतली. त्यानंतर तिची माणसे सांगावा न धाडता येऊ लागली आणि कामगारांशी गेटबाहेर बोलू लागली.

ऑडिटवाल्यांना मी नावे ठेवत नाही. आमच्या ठाण्याची वार्षिक तपासणी असायची तेव्हा मीही कुंड्यांना गेरू फासून घेत असे. मी शिकलो ते वेगळेच. लबाड माणूस गुन्हा नाकारतो हे पोलिसाला पहिल्या वर्षी कळते. प्रामाणिक माणूस स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त कबूल करून बसतो, हे कळायला मला निवृत्ती जवळ यावी लागली. त्यानंतर चटकन मिळालेली प्रत्येक कबुली मी दोनदा तपासली.

गेल्या दसऱ्याला त्या कारखान्यातून बोलावणे आले. मॅनेजर नवा आहे. सेटर तोच आहे, थोडा जाडही झाला आहे. ती बाई आता तयार माल तपासते आणि सुरक्षा समितीवर आहे. पूजेचा मान या वेळी तिला होता. तर्जनी आणि मधले बोट नसलेला उजवा हात तिने वाटीत बुडवला आणि पहिल्या प्रेसच्या पिवळ्या गार्डवर सावकाश स्वस्तिक काढले. मी हाताकडे बघतोय हे तिच्या ध्यानात आले. तिने उरलेली अनामिका वर करून दाखवली आणि हसली.

‘दोन गेली साहेब, पर कुंकवाचं बोट ऱ्हायलं की.’