काळीचा कोपरा
माझ्या सासूबाई रोखठोक. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला त्या सरळ वेड्यात काढायच्या.

आमच्या काळ्या शेळीचं पोट टम्म फुगलं होतं. गुरांच्या डॉक्टरांनी पोटावर मशीन फिरवून सांगितलं, "आत करडू नाही, नुसतं पाणी आहे. काही शेळ्या अशा खोट्याच गाभण राहतात. इंजेक्शन दिलं की मोकळी होईल."

"तुमचं मशीन बिघडलं असेल," म्हणत सासूबाईंनी त्यांना वाटेला लावलं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात कोरडं गवत अंथरलं.

एका सकाळी पाहिलं तर काळीचं पोट सपाट आणि गवत ओलंचिंब. करडू कुठेच नव्हतं. काळी मात्र ते गवत चाटत होती, पिलाशी बोलावं तशी हलक्या आवाजात पुटपुटत होती. तिला पान्हाही फुटला होता.

"डोकं फिरलंय हिचं," म्हणत सासूबाईंनी गवत उचलून बाहेर फेकलं. तरी काळी त्या रिकाम्या कोपऱ्यातून हलेना. दुसरी शेळी जवळ आली की ढुशी मारायची. आम्ही दोघी हसायचो.

परवा मी खराटा घेऊन त्या कोपऱ्यात शिरले. सासूबाई काळीचं दूध काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हळू गं. आत्ताच झोपलंय ते."