हळू बोलायची वाटी

घरात दोन म्हशी होत्या आणि आम्ही पोरं कोरा चहा पीत होतो. दूध सगळं कोल्हापुरात जायचं. उचगावात आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गोठा, त्यातही गोठाच मोठा. वडील फौंड्रीत भट्टीवर होते. ठिणग्यांनी त्यांच्या सदऱ्याला पडलेली भोकं आई सारखी शिवत असायची. घर थोरल्या चुलत्यांच्या नावावर, त्यामुळं आमच्या घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा समोर असले की आई डोक्यावर पदर घ्यायची आणि वडिलांशी एक अक्षर बोलायची नाही. थोरल्या दिरादेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि आबा तर दिवसभर दारापुढच्या सोप्यातच बसून. मग आईनं बोलायचं कधी?

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. घरात सातवीपुढं कुणी गेलं नव्हतं. मला कॉलेजला जायचं होतं, तेही सायन्सला. आणि आबांनी पेठ वडगावच्या पावण्यांना सोमवारी मला बघायला बोलावून ठेवलं होतं.

"शिकून तरी शेणच काढायचं हाय न्हवं?" आबा म्हणाले. "मग आत्तापास्नंच काढू दे की."

वडिलांनी मान खाली घातली. आबांपुढं ते कधी बोललेच नव्हते.

आदल्या रविवारी कोल्हापुरात एका कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. तिथं वस्तूंना हात लावू देतात आणि फुकट आहे, असं शाळेत बाईंनी सांगितलेलं. मी घरात हट्टच धरला. निदान वडिलांनी कॉलेज डोळ्यांनी बघावं, एवढंच माझ्या मनात होतं. फुकट म्हटल्यावर आबाही निघाले. आईला यायचं नव्हतं. थोरली म्हैस तिच्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे, म्हणून आई कधी कुठं जातच नव्हती. धारेच्या आधी माघारी यायचं, या बोलीवर ती तयार झाली. एस.टी.त बसल्यापासून माझ्या कानाशी तिचं सुरू झालं.

"ऊन कलाय लागलं का गं? म्हस तटून बसंल बघ."

"आगं, आत्ता तर जेवून निघालोय की."

हॉलच्या दाराशी पाटी होती, 'हात लावा'. आबांनी ती मला दोनदा वाचायला लावली. "आयला, सगळीकडं लावू नका म्हंत्यात, आन् हितं उलटंच," म्हणाले आणि आत शिरले.

आत ही गर्दी. सायकलचं पायडल मारलं की बल्ब पेटत होता. हात लावला की केस उभे करणारा एक गोळा होता, तिथं तर नुसता आरडाओरडा. मला एकही गोष्ट धड बघवेना. माझं सगळं लक्ष वडिलांच्या तोंडाकडं. ते हात मागं बांधून चालले होते, कशालाच हात लावत नव्हते. आई दर खिडकीतून ऊन बघत होती. उद्या सोमवार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

पुढं छताला कप्प्या लावून एक खुर्ची टांगली होती. आपण बसायचं, दोर ओढायचा आणि आपणच आपल्याला वर उचलायचं. आबा बसले. धोतर सावरून त्यांनी दोर ओढला आणि गेले की वर! खाली आले, परत वर गेले. मागं रांग लागली.

"आबा, उतरा की, का वरनंच घरला जाताय?" रांगेतलं कुणीतरी ओरडलं.

"दम धर जरा, लेका!" म्हणून आबा तिसऱ्यांदा वर.

तेवढ्यात आई आणि मी हॉलच्या टोकाला पोचलो. तिथं भिंतीशी गुऱ्हाळावरच्या काहिलीसारखी एक भली थोरली वाटी हॉलकडं तोंड करून उभी केली होती. तसलीच दुसरी पार समोरच्या टोकाला. ह्या वाटीत तोंड घालून हळू बोललं की मधल्या कुणाला ऐकू न येता त्या वाटीपाशी ऐकू जातं, असं तिथला विद्यार्थी सांगत होता. समोरच्या वाटीपाशी वडील उभे होते, कान लावून.

आईनं खुर्चीकडं बघितलं. आबा वर, पाठमोरे. तिनं पदर ओढला आणि वाटीत वाकली. मी शेजारीच, म्हणून मला ऐकू आलं.

"अवं, पावण्यास्नी येऊ नगा म्हनून सांगा. मला पोरगी शिकवायची हाय. दोन म्हशीच्या चार करीन, पर शिकवायची."

समोर वडील दचकून ताठ झाले. मग ते वाटीकडं वळले.

आता हळू बोलायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगून तरी काय? जन्म भट्टीच्या आवाजात गेलेला. त्यांनी छाती भरून हाळीच दिली.

"व्हय, ऐकू आलं! न्हाईत येत पावणं! शिकीव तिला!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. विद्यार्थ्यानं कानावर हात ठेवला. आबा दोर धरून अधांतरी.

"कोण न्हाय येत?" ते वरूनच ओरडले.

कुणीतरी हसलं. मला वाटलं, वडील आता मान खाली घालतील. रोज घालायचेच. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग खुर्चीखाली जाऊन उभे राहिले.

"वडगावचं पावणं. पोरगी कॉलेजला जाणार हाय, आबा."

"मला न इचारता?"

"आता समद्या हॉलनं ऐकलंय. चारचौघांत दिल्याला शब्द मागं घेऊ व्हय?"

आबांनी रांगेकडं बघितलं. सगळी माणसं त्यांच्याकडंच बघत होती. "खाली तर येऊ दे मला," एवढंच म्हणाले.

एस.टी.त ते आमच्यापासून लांब बसले. घरी पोचेपर्यंत धारेची वेळ टळून गेली होती, आणि म्हशीनं खरंच पान्हा चोरला. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिली. "नगं दिऊस आज," म्हणाली.

वडिलांनी रात्रीच वडगावला निरोप धाडला आणि सोमवारी पावणे आले नाहीत. पुढं गोठ्यात दोनाच्या चार म्हशी झाल्या. पहाटे शेण काढून मी त्याच कॉलेजात गेले आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.