रिव्हर्सचा दात

ये गं, जवळ बस. तू पुण्यात असलीस तरी हे वाचताना माझ्या शेजारीच आहेस असं समज, कारण मला थोडं रागवायचंय. ऑफिसच्या अहवालात ‘प्रत्यक्ष पाहणीनंतर आकडे सुधारले’ एवढंच लिहिलंस? पाहणी कशी झाली ते मग मीच लिहून ठेवते.

धुळ्याच्या आपल्या गॅरेजात तुझ्या काकांच्या हाताकडे बघून बघून मी गिअरबॉक्स खोलायला शिकले. शाळा सातवीपर्यंतची. तू मात्र कॉम्प्युटरवर अख्खा ट्रक उभा करतेस, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत. कुठल्या दातावर किती जोर येतो, किती वेळा येतो, तो कधी थकणार. मला म्हणालीस, “काकू, तार वाकवून वाकवून तुटते ना? किती वाकवल्यावर तुटेल, ते मी आधी सांगते.” पटलं मला.

पारोळ्याचे नाना यावलहून केळी भरतात. तू इथे आली होतीस तेव्हा त्यांच्या ट्रकचं गणित मांडलंस. उत्तर आलं, दोन हंगाम काळजी नाही. नाना खूश, कारण बॉक्स खोलायचा म्हणजे गाडी आठवडाभर उभी. पण गाडी मागे घेताना मला आवाज वेगळा येत होता. भरल्या गाडीत दात गेला तर? केळी थोडीच थांबतात!

मी विचारलं, “रिव्हर्स किती धरलास?”

“दिवसातून दोन-चारदा. गाडी लावताना.”

नाना हसत सुटले. “पोरी, तुनी गाडी कागदवर चालस. मनी केळीना वावरमा चालस!”

मग आपण तिघं यावलला गेलो. बागेला नुकतंच पाणी दिलेलं, भरलेल्या गाडीचं चाक रुतलं. नानांनी पुढे-मागे, पुढे-मागे झोके द्यायला सुरुवात केली; गाडी पुरती थांबायच्या आत उलटा गिअर. तू बोटांवर मोजत होतीस. बोटं संपली तशी केळीच्या पानाच्या पट्ट्या फाडून ओढणीत टाकायला लागलीस.

नाना ओरडले, “मोजू नको वं माय, ढकल!”

घरी येऊन तू ते झोके गणितात घातलेस. आता दाताचा हा हंगामसुद्धा निघत नव्हता.

“काल दोन, आज एकबी नही?” नाना म्हणाले. तुझं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, खोलूनच बघू. तेल काढलं, रिव्हर्सचा गिअर रॉकेलने धुतला. दाताच्या मुळाशी केसासारखा तडा. नानांनी नख फिरवलं, ते अडकलं. मग मला म्हणाले, “अक्का, पोरीले चहा पाज.”

तो गिअर पुसून फळीवर ठेवलाय. तुझे साहेब रिव्हर्सचा आकडा मान्य करत नाहीत म्हणतेस ना? त्यांना घेऊन ये. नाना वावरात नेतील, ढकलायलाही लावतील. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मी करते. पण बागेचं पाणी सुकायच्या आत ये गं, लवकर.