ताईचा ब्लॅकपूलचा हट्ट

नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी सिंगापुरातल्या क्लेमेंटी स्टेशनचा जिना उतरत होतो. ताई गेली... नंतर भेटायला आलेले बरेच जण म्हणाले, "सुटली बिचारी." मायेनंच म्हणत होते, पण मला राग यायचा. माझी बहीण आणि बिचारी?

ताई फिजिओथेरपिस्ट. नोव्हेनाच्या त्याच हॉस्पिटलात तिनं कितीतरी जणांना पुन्हा चालतं केलं आणि मग मज्जातंतूंच्या आजारानं तिचेच पाय जायला लागले. व्हीलचेअर घरी आली त्याच संध्याकाळी तिनं जाहीर केलं, "मला ब्लॅकपूलला जायचंय." इंग्लंडमध्ये शिकत असताना ती मैत्रिणींबरोबर समुद्रकाठच्या त्या गावी गेली होती. मैत्रिणी तिथल्या उंच टॉवरवर गेल्या. ही उंचीला घाबरून खाली वाळूत, पोरांना पाठीवर घेऊन फिरणारी गाढवं बघत बसली. ते तिला आयुष्यभर सलत होतं. डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले. माझी मुलगी रडकुंडीला येऊन सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आत्या, डोन्ट गो ला!" ताई हसली. "अगं, आता पडून पडून कुठून पडणार? खुर्चीतूनच ना?"

शेवटी मी रजा टाकली आणि आम्ही गेलो. समुद्रावरचा वारा खुर्ची मागे लोटत होता. समुद्रात लांबवर गेलेल्या लाकडी पुलावर पाळणे फिरत होते, तिथं तिनं गरम चिप्स खाल्ले, एक सीगलनं पळवला तर त्याला मराठीत शिव्या घातल्या. मग टॉवर. वर काचेची जमीन आहे, खाली पाहिलं की ट्राम खेळण्यातली वाटते. ताईचा चेहरा पांढरा पडला. "परत जाऊया का?" मी विचारलं. "ढकल," ती म्हणाली. काचेवर गेल्यावर मी डोळे मिटले. तिनं नाही मिटले.

टॉवरच्या तळाशी नाचाचा मोठा हॉल आहे. ऑर्गन वाजत होता, म्हातारी जोडपी नाचत होती. शेजारच्या टेबलावरच्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना ताईनंच विचारलं, "मला उभं राहायचंय, हात द्याल?" एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं मी. पाय काही हलले नाहीत, पण ती धून संपेपर्यंत ताई उभी होती... खुर्चीत बसल्यावर धापा टाकत म्हणाली, "बघितलंस ना?"

परतल्यावर डॉक्टर रागावले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उभं राहायचा व्यायाम कधीपासून सुरू करायचा?"

त्यानंतर जुरोंग ईस्टच्या तिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती रोज संध्याकाळी खिडकीचे गज धरून उभी राहायची. समोरच्या रुळांवरून जाणारी एमआरटी ट्रेन दिसेनाशी होईपर्यंत बसायचं नाही, हा तिचा नियम. हात चालेनासे झाले तेव्हाच तो मोडला.

परवा घर रिकामं केलं. गजांवर दोन ठिकाणी रंग उडून लोखंड उघडं पडलंय. घरमालक म्हणाले, रंगवून द्या. बाकीचं सगळं घर मी रंगवून दिलं. ते गज मात्र पैसे भरून नवे बसवले... आणि जुने घरी घेऊन आलो.