गॅरेजवाल्यांकडे

माझे सासरे पहिल्यांदाच जर्मनीत आमच्याकडे झिंडेलफिंगेनला आले, आणि नेमका त्याच महिन्यात माझा लाडका ब्रिटिश बँड स्टुटगार्टला वाजवणार होता. कॉलेजात असताना त्यांची एक कॅसेट मी टेप तुटेपर्यंत ऐकली होती. सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती गाणी मी फक्त मिक्सर चालू असताना गुणगुणायचे.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. नवरा कंपनीच्या कामाने बाहेरगावी. म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं ठेवायचं?

"बाबा, मला जरा जायचंय. एक गॅरेज बँड आहे," मी चाचरत म्हणाले.

बाबांनी साताऱ्यात तीस वर्षं स्कूटरचं गॅरेज चालवलेलं. त्यांना तेवढाच शब्द ऐकू आला, आणि मीही गप्प बसले. तेवढं पाप माझ्या माथी.

"जर्मनीतलं गॅरेज? मी पण येतो." आणि बाबा स्वतःच्या लग्नातला सूट चढवून आले. अरुंद कॉलर, दोन बोटं रुंदीचा टाय.

हॉलबाहेर मला हसू आवरेना. जमलेले सगळे तसल्याच सुटात. साठच्या दशकातली फॅशन यांनी हौसेनं शिवून घेतलेली, अस्सल माल एकट्या बाबांच्या अंगावर. एकाने तर त्यांच्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

शेजारी त्याच काळातल्या, आरशांनी मढवलेल्या स्कूटर उभ्या होत्या. त्यातली एक काही केल्या सुरू होत नव्हती. बाबांनी मालकाला बाजूला सारलं, स्कूटर एका अंगावर कलती केली, सरळ केली आणि किक मारली. लगेच चालू. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गॅरेज आत आहे ना?" बाबा खुशीत होते.

आता सांगणं भाग होतं. "गॅरेज नाही, बाबा. हा गाण्याचा प्रकार आहे. मला फार आवडतो."

बाबा टाय सारखा करत आत आले. तासभर ताठ उभे राहिले. मी मात्र पहिल्या दोन गाण्यांनंतर सासरे, पदर, सगळं विसरून नाचले.

परतीच्या लोकलमध्ये, तिथल्या एस-बानमध्ये, ते म्हणाले, "इंजिन फार आवाज करतं यांचं. पण पळतं." मग माझ्याकडे वळून, "तुला बघायला आलो होतो, तेव्हा गाणं म्हण म्हटलं तर तू अभंग म्हटलास. हे का नाही म्हटलंस?"

"तुम्ही होकार दिला असता का?"

बाबांनी टायची गाठ सैल केली.

"नसता," ते म्हणाले. "आमचंच नुकसान झालं असतं."